रिकामं वजन

जालना, औद्योगिक वसाहत, रात्रीचे पावणेदोन.
काट्याच्या केबिनमध्ये मी, एक टेबलफॅन,
आणि मालकाच्या पोरानं टाकून दिलेला लॅपटॉप,
ज्याचं 'ळ'चं बटण निघालंय.
बाहेर भट्टीचा उजेड
धुराला खालून तांबडं करतोय.

पडद्यावर गंजलेला पहारेकरी उभा आहे.
प्राण एकोणीस.
डोक्यावर लाल आकडा, चौदा:
माझी खेळी संपली की एवढ्याचा घाव घालणार.
माझे प्राण सहा.
वाती तीन. पत्ता टाकला की एक विझते.

हातात पाच:
वार, सहाचा.
वार, हाही सहाचा.
ढाल, पाच अडवते.
राख, हिला वात लागत नाही;
एक पत्ता जाळायचा, गड्डीतला एक उचलायचा.
पाचवी जखम.
ती खेळता येत नाही. नुसती जागा अडवून बसते,
पंगत उठली तरी
उष्टं ताट धरून बसलेल्या पाव्हण्यासारखी.

गड्डीत एकच पत्ता उरलाय, कळ.
दुसऱ्या मजल्यावर धड काही मिळेना
म्हणून घेतलेला. आजवर एकदाही लागला नाही.

दोन वार, वर ढाल:
बारा गेले, त्याचे सात उरले.
चौदातले पाच अडले, नऊ अंगावर.
मेलो.
पुन्हा तीच लढाई, तेच पाच पत्ते, त्याच क्रमानं.
राखेनं आधी जखम जाळली.
हे काय विचारायचं असतं का, घाण आधी काढायची.
कळ आली, टाकली, फुस्स.
मेलो.
ढाल आधी, वार नंतर. मेलो.
जणू क्रम बदलला की बेरीज बदलते.
अकरा वेळा मेलो.
पावतीच्या मागं पेनानं आकडे,
खाडाखोड, एक चहाचा गोल डाग.

हॉर्न.
हारूनभाईची गाडी भंगार उतरवून परत आली,
रिकाम्या वजनाला.
चाकं काट्यावर चढली, आकडा थरथरला, थांबला.
मी खिडकीतून पाहिलं.
"स्टेपनी कुठंय?"
"पंक्चर है मियाँ, किस काम की. गेट पे उतार दी."
"येताना भरल्या वजनात होती ना?
मंग चढवा."
"कामून पिडतो बा," हे मात्र मराठीत,
आणि हसत, कारण धरला गेला होता.
दोघांनी टायर लोटत आणलं, मागं टाकलं.
आकडा नव्वद किलोनं वर.
फुटकं, भोक पडलेलं, कुठंच न नेणारं रबर.
काट्याला त्याचं काय,
तो फक्त आहे की नाही एवढंच बघतो.

छपाईचं बटण दाबता दाबता
माझं बोट तिथंच राहिलं.

लॅपटॉपकडं वळलो. राख उचलली.
ढाल जाळली.
छातीत थोडं धस्स झालं, खोटं कशाला बोलू,
पण वाती तीनच होत्या,
तिच्यासाठी चौथी कुठून आणणार होतो?
गड्डीतून कळ आली.
या वेळी तिच्या पोटातली बारीक अक्षरं
डोळे बारीक करून वाचली:
हातात असेल त्या प्रत्येक जखमेमागे, सात.

जखम होतीच. बसून होती, ताट धरून.

वार. सहा.
वार. सहा.
कळ. सात.
पहारेकरी गुडघ्यावर आला,
मग गंजाचे कण,
मग नुसता फरशीचा चौकोन.
शून्य. उरलं-सुरलं काही नाही.
मी एकटाच केबिनमध्ये टेबलावर हात आपटला
आणि फॅनची जाळी घरंगळली.

"क्या हुआ?" हारूनभाई खिडकीशी.
"काही नाही. वजन जुळलं."
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आकड्याकडं,
वजनं तर रोजच जुळतात असा चेहरा केला,
पावती घेतली, घडी करून कानामागं खोचली.

गाडी मंठा रस्त्याला वळल्यावर लक्षात आलं,
घाईत कोरा कागद समजून
खाडाखोडीचीच पावती छापली गेली.
मागच्या बाजूला सहा, सहा, सात,
खाली दोन रेघा, एकोणीस.
उद्या हिशेबाच्या खोलीत शेषराव चष्मा वर करून
कुणाला तरी विचारतील,
हे एकोणीस काय, टन का क्विंटल?